लोकलने भाजे लेणी : बचत नियमाने, खोट्याने नव्हे

रविवारी कुठे जायचे, असे मुलांनी विचारले की आपल्यासारख्यांच्या घरात पहिला प्रश्न पैशाचा येतो. आम्ही दापोडीला राहतो. घरात आम्ही दोघे, आई, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. जीप ठरवावी तर महिन्याच्या किराण्याला कात्री लागते. म्हणून आम्ही पुणे-लोणावळा लोकलची वाट धरली. मळवलीला उतरायचे, भाजे लेणी पाहायची आणि संध्याकाळी घरी यायचे. या लोकलचे एका माणसाचे एका बाजूचे भाडे भेळेच्या पुड्याएवढेही नाही.

एवढे स्वस्त असूनही पहिल्या खेपेला आम्हाला आणखी वाचवण्याचा मोह झाला. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. आमचा मुलगा सहाचा पूर्ण झालेला, पण अंगाने लहानखुरा. "एवढासा तर आहे, कोण विचारतो!" असे म्हणून आम्ही त्याचे तिकीट काढले नाही. वर गाडीत त्याला पढवले, "कुणी विचारलं तर चार सांग."

मळवलीला टीसी उभेच होते. त्यांनी तिकिटे पाहिली आणि मुलाला विचारले, "काय रे बाळा, किती वर्षांचा तू?" मुलाने आमच्याकडे पाहिले. मग खाली मान घालून चार बोटे दाखवली. टीसी काही बोलले नाहीत, पुढच्या माणसाकडे वळले. आम्ही सुटलो असे वाटले.

स्टेशनाबाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाचा रस्ता लागतो. पुढे पायऱ्या चढायच्या. अर्ध्या पायऱ्या चढून झाल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "पप्पा, वर गेल्यावर मी परत सहाचा होणार ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आई मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "रोज वंदनेत पोराकडून चौथं शील म्हणवून घेता, आणि आज त्यालाच खोटं बोलायला लावलंत. किती रुपये वाचले, सांगा बरं." खरे तर चहाच्या एका कपाएवढेही वाचले नव्हते.

भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झाली. येथे 22 लेणी आहेत. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, त्या आजही पाहायला मिळतात. बाजूला 14 स्तूप एका ठिकाणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने एवढा डोंगर कोरणारे हातही कष्टकऱ्यांचेच होते, असे आईंनी मुलांना सांगितले. चैत्यात बसून आम्ही भाकरी-चटणी सोडली नाही, बाहेर झाडाखाली बसून खाल्ली आणि कागद पिशवीत भरून परत आणले.

परतताना मळवलीच्या खिडकीवर आम्ही मुलाचे अर्धे तिकीट काढले आणि त्याच्याच हातात दिले. दापोडी येईपर्यंत त्याने ते मुठीतून सोडले नाही.

त्यानंतर आम्ही या लोकलने बऱ्याच वेळा गेलो. खरेपणाने वाचवायचे मार्गही पुष्कळ आहेत. आम्हाला कळलेले सांगतो.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला लोकलला आणि बिनआरक्षित डब्यात अर्धे तिकीट लागते. लांबच्या गाडीत मुलासाठी वेगळा बर्थ घेतला तर मात्र एप्रिल 2016 पासून पूर्ण भाडे पडते. जन्मतारखेचा कागद जवळ ठेवावा.

घरात कुणाचा मासिक पास असेल तर तो रविवारीही चालतो. आमचे शेजारी लोणावळ्याला कामाला जातात, त्यांना सहलीचे तिकीटच लागत नाही. मात्र पास दुसऱ्याच्या हाती देऊ नये. शिकणाऱ्या मुलांना पासात सवलत मिळते, शाळा-कॉलेजचा दाखला घेऊन चौकशी करावी.

मोबाईल असेल तर रेल्वेच्या ॲपमधील वॉलेटमधून बिनआरक्षित तिकीट काढल्यास शंभर रुपयांमागे 3 रुपये वाचतात. पण तिकीट घरातूनच काढावे, गाडीत बसल्यावर नव्हे. परतीचे तिकीट सकाळीच घेतल्याने भाडे कमी होत नाही, पण संध्याकाळी लेकरांना घेऊन रांगेत उभे राहावे लागत नाही.

ज्येष्ठांची सवलत मात्र आता गृहीत धरू नये. पूर्वी लांबच्या गाड्यांना साठीच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांना 50 टक्के सूट होती. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली. आईंना नागपूरला न्यायचे तर पूर्ण भाड्याची तजवीज आधीपासून करावी लागते. अपंग व्यक्ती आणि काही आजारांचे रुग्ण यांच्या सवलती चालू आहेत. त्यांचे दाखले तयार असू द्यावेत.

लोकलचे तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये बसू नये. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड भरावा लागतो. म्हणजे कित्येक सहलींची बचत एका दिवसात गेली.

लेण्यांवरही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. पाणी आणि डबा घरून न्यावा. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा वेळ पाहून निघावे.

वाटेत देहूरोड लागते. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. गाडी थांबली की आई खिडकीतून हात जोडतात. तेथे उतरायचे असेल तर देहूरोडपर्यंतचे आणि तेथून पुढचे अशी वेगवेगळी तिकिटे घ्यावीत, मध्येच उतरून त्याच तिकिटावर पुढे जाता येत नाही.

आमचा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. खिडकीवर गेलो की तोच आधी मोठ्याने सांगतो, "तीन फुल, दोन हाफ. मी आठचा आहे." रांगेतले लोक हसतात. आम्ही मात्र मान ताठ ठेवून पैसे मोजतो.