तुळजापूरचा घाट आणि हवेचा बुडबुडा

धाराशिवहून तुळजापूरला निघालेल्या सायकलस्वाराला बालाघाट फारसा छळत नाही. वीस-बावीस किलोमीटर रस्ता पठारावरून जातो आणि स्वाराला आपल्या पायांचा अभिमान वाटू लागतो. खरी परीक्षा पुढे. तुळजापूर ओलांडून सोलापूरची वाट धरली की डोंगराची कड येते, घाट लागतो. तेथे पायांना काम नाही. सारी भिस्त ब्रेकवर!

माझ्याबरोबर भाचा होता. त्याच्या डोंगरी सायकलीला तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. तुळजापूरच्या मुक्कामी पाहिले, तो पुढच्या ब्रेकचा दांडा पार मुठीला टेकत होता.

"मामा, दोनदा दाबला की लागतो," भाचेबुवा म्हणाले.

"अरे, आश्विनी पौर्णिमा जवळ आली. सोलापूरकडून माणसे पायी घाट चढताहेत. वळणावर समोर आलेला माणूस तुझ्या दुसऱ्या दाबाची वाट पाहील का?"

त्याने मुकाट्याने हत्यारांची पिशवी उघडली.

तेल दाबाने आकसत नाही, म्हणून बोटाचा जोर नळीतून थेट चाकाजवळच्या पिस्टनपर्यंत पोहोचतो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा शिरला की जोर त्यालाच आवळण्यात खर्ची पडतो.

त्याने चाक काढले. पॅड दूर ठेवले, कारण त्यांना तेल लागले की पकड गेली. पिस्टन मागे सारून मधे ठोकळा बसवला. वर दांड्याशी नरसाळे, खाली तेलाची पिचकारी. तेलही खनिजच हवे. या ब्रेकात मोटारीचे ब्रेक-तेल घातले तर आतली रबरी कडी फुगून निकामी होतात. पिचकारी हळूहळू दाबली, नळीला टिचक्या मारल्या, तसे बुडबुडे वर येऊन नरसाळ्यात फुटू लागले.

मला याच जिल्ह्यातला नळदुर्गचा पाणीमहाल आठवला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (१५८०–१६२७) काळातला, बोरी नदीच्या बांधात बांधलेला. पावसाळ्यात वरून पाणी कोसळते आणि आत माणूस कोरडा! तेथे पाण्याला आत येऊ न देण्याची कला, येथे हवेला.

सकाळी घाट उतरलो. एका वळणावर 'आई राजा उदो उदो'चा गजर करीत यात्रेकरू सामोरे आले. एका बोटाने सायकल जागच्या जागी थांबली. ती मंडळी आमच्याकडे न पाहताच पुढे गेली. भाचा मात्र दांड्यावरून बोट न काढता, शेवटचा माणूस जाईपर्यंत कडेला उभा होता.