खोपा कोणाचा?

बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता शाळेत पाठ केली होती. गेल्या महिन्यात बजाजनगरच्या घरी ती पुन्हा वाचली. घर विकायचं म्हणून कपाट आवरत होतो, त्यात जुनं पुस्तक निघालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बाबा गेल्यापासून आई इथे एकटी. घर विकून तिला पुण्याला न्यायचं, हे मीच ठरवून टाकलं होतं.

इंजिनिअरचा स्वभाव, आधी चूक शोधली. कवितेत सुगरण खोपा विणते. प्रत्यक्षात विणतो नर. सालिम अलींनी १९३०च्या सुमारास किहीमला हे बारकाईनं पाहिलं. नर अर्धा खोपा विणतो, मादी आत शिरून बघते, पसंत पडला तरच तो पुरा होतो. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो. पिलं मुख्यतः तीच वाढवते.

आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरोबरच आहे की. तुझ्या बाबांनी वाळूजला ओव्हरटाइम करून भिंती उभ्या केल्या. पण ओटा कुठं, तुळस कुठं, हे मी ठरवलं."

बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं. लिहिता येत नव्हतं. ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या, पुस्तक त्या गेल्यावर १९५२ साली निघालं. मागे राहिलेला खोपा कोण सांभाळतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चूक माझ्याच वाचनात होती.

"आई, घराचं काय करायचं? तुला काय वाटतं?" पहिल्यांदाच विचारलं.

"आधी तुझा पुण्यातला फ्लॅट आत शिरून बघते," ती म्हणाली. "मग सांगते."