घरातला सिनेमा

31 ऑगस्ट 2022. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या कितीतरी घरांतून त्या दिवशी सिनेमे निघून गेले. जर्मनीत तीनशेच्या वर, ऑस्ट्रियात शंभराच्या वर. दार वाजलं नाही, कडी निघाली नाही, पंचनामा झाला नाही. प्लेस्टेशनच्या दुकानातून लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेले स्टुडिओकॅनालचे सिनेमे होते ते. दोन कंपन्यांमधला करार सरला आणि ज्यांनी त्या कराराचा कागद कधी पाहिलाही नव्हता, त्यांचा संग्रह रिकामा झाला. चोरी म्हणावी तर चोर नाही. हरवले म्हणावेत तर हरवण्याइतके ते हातात आलेच नव्हते.

असल्या जाण्याला सुतक नसतं. मी मात्र एक सुतक पाळतो आहे, डिस्कचं.

बारा सेंटिमीटर व्यास, जेमतेम 1.2 मिलिमीटर जाडी. डबीच्या मधल्या बटणावर अंगठा दाबला की कट्कन सुटायची. कडेने दोन बोटांत धरायची, ट्यूबलाइटखाली तिरकी करून चरे बघायचे, बनियनच्या टोकाने पुसायची. पुसायची ती मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल पुसली तर चरा माहितीच्या वाटेवरूनच जातो आणि लेझर तिथे अडखळत राहतो. वाट छेदून जाणारा चरा तो बहुधा ओलांडतो. हे शास्त्र ठाऊक नसलेली घरं टूथपेस्ट चोळायची. एखादे वेळी त्यानंतर सिनेमा चालायचाही, आणि मग त्या घरात टूथपेस्टची कीर्ती कायमची व्हायची.

आपल्याकडे सिनेमा मालकीचा झाला तो उशिरा, आणि स्वस्तात. त्याआधी तो भाड्याचा. शनिवारी रात्री व्हीसीआर आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि भाडं वसूल व्हावं म्हणून पहाटेपर्यंत डोळे ताणून बसायचं. 2007च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा सिनेमा बिस्किटाच्या पुड्यांशेजारी लटकू लागला. व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावायचं. अडीच तासांच्या सिनेमाचे दोन-तीन तुकडे व्हायचे आणि मध्यंतर दिग्दर्शकाला हवं तिथे न होता डिस्क संपेल तिथे व्हायचं. नायिका अर्ध्या वाक्यावर थांबलेली, आणि स्वयंपाकघरातून आवाज, “दुसरी लाव रे, मी आलेच.” चित्र भिकार असायचं. पण ते आपलं होतं. शेजारच्या काकू मागायला आल्या की द्यावं लागायचं, आणि परत आलेल्या डबीत भलताच सिनेमा निघायचा. ती कंपनी 2018मध्ये अवसायनात गेली. त्या काळातल्या डिस्क आता शेतात दोरीला लोंबकळत पाखरं हाकलतात.

अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावून, भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल ठोकून बसणाऱ्यांचं दुःख निराळं आहे. ते आकड्यांत बोलतात. 4के ब्लू-रेवरून सेकंदाला शंभर मेगाबिटच्याही वर माहिती येऊ शकते. स्ट्रीमिंगवर त्याच सिनेमाला साधारण पंधरा ते पंचवीसमध्ये भागवावं लागतं. फरक कळतो तो रात्रीच्या दृश्यात. कंदिलापासून लांब जाताना काळोख नकळत दाटत जायला हवा, तिथे त्याच्या पायऱ्या पडतात. करडी पायरी, तिच्याखाली आणखी करडी, मग एकदम काळी. छायाचित्रकाराने जिवापाड जपलेली सावली वायरीतून येता येता सोलून निघते. खरं सांगायचं तर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, आत मिक्सरमध्ये चटणी फिरत असताना, मला हा फरक कधी दिसला नाही. त्यांचं दुःख खरं आहे, पण माझं ते नाही.

सिनेमा आपल्या पाठीमागे बदलतो, हे मला जास्त लागतं. 1984चा ‘स्प्लॅश’ 2020मध्ये डिस्ने प्लसवर आला, तेव्हा समुद्राकडे पळत जाणाऱ्या डॅरिल हॅनाच्या पाठीवर संगणकाने जास्तीचे केस चिकटवले होते, उघडं अंग झाकायला. ती झूल इतकी बेंगरूळ होती की जे झाकायचं तेच लोकांच्या डोळ्यांत भरलं. ‘द फ्रेंच कनेक्शन’मधला वंशद्वेषी शिवी असलेला तुकडा 2023मध्ये काही ठिकाणी गुपचूप गळाला. आपल्याकडे नयनताराचा तमिळ ‘अन्नपूर्णी’ सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेऊन थिएटरात लागला, मग नेटफ्लिक्सवर आला, आणि तक्रारींनंतर जानेवारी 2024मध्ये तिथून उतरवला गेला. तो चांगला की वाईट यावर भांडायचं तरी सिनेमा समोर हवा. डिस्क हट्टी असते. तिच्यावर कोरलं ते कोरलं.

आणि सिनेमा मुळात वाचतो तो कसा? दादासाहेब फाळक्यांचंच बघा. 1964मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ शोधत फिरले. जी रिळं हाती लागली, ती फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे उरलेली होती. पहिलं आणि शेवटचं. ती 1913ची की पुढे 1917मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, हा अभ्यासकांचा वाद आहे, तो त्यांनी घालावा. वाचलं ते कुणाच्या तरी घरात होतं म्हणून वाचलं. 1931चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, कुणाच्याच घरातून निघाला नाही. आज त्याची एकही प्रत नाही. बरं, संग्रहालयात गेलं म्हणजे सुटलं असंही नाही. 8 जानेवारी 2003ला पुण्यात नायट्रेट फिल्मची रिळं आगीत गेली, त्यांत प्रभातचीही होती. एका छताखाली ठेवलेलं एका आगीत जातं. सिनेमा जगतो तो अनेक छतांखाली विखुरलेला, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गादीखाली. स्ट्रीमिंगने सगळ्या जगाला एक छत दिलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

डिस्क तरी कुठे अमर? वॉर्नरच्या 2006 ते 2008 या काळातल्या कित्येक डीव्हीडी कपाटात बसल्या जागी नासल्या, आणि 2025मध्ये कंपनीने ते मान्यही केलं. ओप्पोने आपले नावाजलेले प्लेअर बनवणं 2018मध्ये थांबवलं. अमेरिकेतल्या बेस्ट बाय या दुकानसाखळीने 2024मध्ये डिस्क विकणं सोडलं. नेटफ्लिक्सचं मात्र गमतीचं. पंचवीस वर्षं लाल पाकिटांतून डीव्हीडी भाड्याने पाठवून 29 सप्टेंबर 2023ला त्यांनी शेवटची पाकिटं रवाना केली आणि गिऱ्हाइकांना कळवलं, आता घरी असलेल्या डिस्क परत करू नका, ठेवून घ्या. भाड्यावर मोठी झालेली कंपनी जाता जाता लोकांना मालक करून गेली.

ऑनलाइन खात्यातले सिनेमे वाटणीत येत नाहीत. खातं दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही, असं अटींत बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यांच्यावरून भावाभावांत तंटा होत नाही, सुनेला त्यांची अडगळ वाटत नाही, भंगारवाला त्यांना तागडीत टाकत नाही. माणूस जातो आणि त्याचे सिनेमे त्याच्या पासवर्डसकट जातात. माझं सुतक आहे ते त्या तंट्याचं, त्या अडगळीचं, त्या तागडीचं.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी अजून कुणाचं तरी अख्खं कपाट पोत्यावर पसरलेलं सापडतं. कुरोसावाच्या खाली विनोदी नाटक, त्याखाली कुणाच्या तरी लग्नाची सीडी. मी एक डबी उघडली, डिस्क उन्हात तिरकी केली. चरे होते, पण वाट छेदून जाणारे.

“वीस रुपये. सगळ्या नेल्या तर दीडशे.”

“चालतात का पण?”

“मला काय म्हाइत? मशीन कुणाकडं हाय आता? तुमच्याकडं असंल तर लावून बघा. नाय चालली तर पुढच्या रविवारी आना, दुसरी देतो.”

दीडशे दिले. पिशवीचे त्याने पाच रुपये वेगळे घेतले.