ठणका म्हणजे काय गं, मावशी?

माझी भाची वडोदऱ्यात नर्स आहे. तिला इंग्लंडला जायचंय, म्हणून ओईटीची तयारी चालू आहे. आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठीची ही इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे तिचे चार भाग. रविवारी ती माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी शब्द घेऊन बसतो.

तिचं व्याकरण पक्कं आहे. अडतं ते छोट्या शब्दांपाशी. आपल्याकडे 'मी २०२१ला पास आउट झाले' म्हणजे शिक्षण संपलं. इंग्लंडात रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ शुद्ध हरपली. शुद्धीवर येणं म्हणजे 'कम राउंड'. आणि 'पास अवे' म्हणजे निधन! पेशंटच्या घरी फोन करताना 'आउट'च्या जागी 'अवे' गेलं तर काय होईल, विचार करा.

"एवढ्याशा शब्दाने अर्थ कसा बदलतो गं?" ती वैतागली. म्हटलं, आपल्याकडे नाही बदलत? 'खाऊन बघ' म्हणजे चव घे, 'खाऊन घे' म्हणजे आधी जेवून मोकळी हो, 'खाऊन टाक' म्हणजे उरलेलं संपव. हे कोणी पाठ करून घेतलं नाही, वाक्यांतून कानावर पडलं. तेव्हापासून ती यादी करत नाही. प्रत्येक शब्दाचं वॉर्डातलं एक वाक्य लिहिते.

मग दुखण्याचे शब्द आले. 'थ्रॉबिंग' म्हणजे ठणका, मी सांगितलं. "ठणका म्हणजे?" तिने विचारलं. शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती. तिच्या मराठीत सगळं नुसतं 'दुखतंय'. मग आधी मराठीच शिकवलं. किडलेला दात नाडीच्या ठोक्याबरोबर दुखतो, तो ठणका. कंबरेतून पायात सर्रकन जाते ती कळ, म्हणजे 'शूटिंग पेन'. छातीत, घशात आग होते ती जळजळ, 'बर्निंग'. पोटात पीळ पडून दुखतं तो मुरडा, 'क्रॅम्प'. मराठी शब्द अंगात भिनला की इंग्रजी शब्द लगेच लक्षात राहतो.

गेल्या आठवड्यात तिच्या वॉर्डात एक मराठी आजी होत्या. पायाला जखम, विचारलं की फक्त "दुखतंय गं" म्हणायच्या. हिने विचारलं, "आजी, ठणकतंय, की कळ येते?" आजी म्हणाल्या, "ठणकतंय बाई, रात्रभर." जखम चिघळली तर नाही ना, हे डॉक्टरांनी लगेच तपासलं.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर दुखण्याचे शब्द त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. इंग्रजीच्या वहीतच लिहिलेत तरी चालेल.