हजेरी

चिकलठाण्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो. शिपाई म्हणून भरती झाला, नाईक होऊन घरी आला, तरी गावाच्या लेखी तो मेजरच. आमचे सर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुढे सनद मिळाली, अंगावर काळा कोट आला, तेव्हा गावाने जुनी पदवी न काढता तिलाच नवी जोडून टाकली: मेजर वकील. सुरुवातीला ते लोकांना दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं. म्हणायचे, “दोनातलं एक तर खरं आहे ना? चालू द्या.”

मी सहा वर्षं त्यांची ज्युनियर होते. ऑफिस म्हणजे घराच्या ओट्याला लागून असलेली एक खोली. टेबल, तीन लोखंडी खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि कोपऱ्यात काळी पेटी. ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे त्यांना ही पेटी वर्णन करून सांगावी लागत नाही. पत्र्याची, दोन कड्यांची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, युनिट. सतरा वर्षांत ती सागरच्या महार रेजिमेंट सेंटरपासून कुपवाड्यापर्यंत फिरली. नंतर तिच्यात गणवेशाच्या जागी दाव्यांच्या फायली आल्या, पण डांबराच्या गोळ्या तशाच राहिल्या. त्यामुळे आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक कागदाला एक वास असायचा. समोरचे वकील अर्ज नाकाशी धरून म्हणायचे, “चिकलठाण्याचा दिसतोय.”

वकिलाच्या डायरीत पक्षकाराचं नाव असतं, कोर्ट असतं, प्रकरण कशासाठी नेमलंय ते असतं आणि पुढची तारीख असते. सरांच्या डायरीत एक रकाना जास्त होता. त्यात लाल शाईने ‘ह’. हजर. नसले तर ‘गै’, आणि त्यापुढे कारण: ताप, हिचं ऑपरेशन, जालना रोडला ट्रॅफिक. हे शेवटचं कारण लिहिताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. चिकलठाण्याहून अदालत रोडला जायचं म्हणजे मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक असा अख्खा जालना रोड पार करायचा. कोर्ट अकराला बसायचं आणि सर दहा वीसला बार रूममध्ये. तेव्हा तिथे झाडणारी बाई आणि ते, असे दोघंच. अकराला पट्टेवाल्याने पहिला पुकारा केला की निम्मे वकील चहाच्या टपरीवर असायचे. सर आधीच उभे.

फार हुशार वकील ते नव्हते. आता हे लिहायला हरकत नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला ते फार लवकर सोडायचे. इंग्रजी निवाडा वाचताना ओठ हलायचे. हरलेल्या दाव्यांची संख्या जिंकलेल्यांपेक्षा कमी नसावी. तरीही त्यांच्या ओट्यावर माणसांची रांग का असायची, याचा मी बराच विचार केला आहे. उत्तर त्या लाल ‘ह’मध्ये असावं असं वाटतं.

त्या ‘ह’च्या मागे एक गोष्ट होती. सर कुपवाड्यात असताना भाऊबंदांनी वाटणीचा फेरफार टाकला आणि त्यात यांच्या वाट्याचा बांध सरकला. नोटीस घरी आली. आईला वाचता येत नव्हतं. तिने ती लाइट बिलांबरोबर तारेच्या आकड्यात टोचून ठेवली. हरकत घ्यायला मुदत पंधरा दिवसांची. फेरफाराची बातमी पत्रातून कुपवाड्याला पोचली तोवर नोंद प्रमाणित होऊन बसली होती. सर वार्षिक सुट्टीवर आले. सुट्टी साठ दिवसांची आणि प्रांताकडे अपील करायची मुदतही साठ दिवसांची. पण हे दोन साठ एकाच दिवशी सुरू होत नाहीत, हे त्यांना शहरातल्या एका वकिलाने फी घेऊन सांगितलं. “मुदत गेली, मेजर. तुम्ही हजर राहायला पाहिजे होतं.”

“मी हजर नव्हतो?” सर पुढे कितीदा तरी विचारायचे, मला नव्हे, भिंतीला. “रात्री दोन वाजता, उणे तापमानात, चौकीवर मी कोण होतो मग?”

पदवी त्यांनी नोकरीत असतानाच मिळवली, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. कराडला वकिली केलेला माणूस १९६२ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री झाला आणि त्याच्याच नावाच्या विद्यापीठातून एक हवालदार वकिलीकडे वळला, हा हिशेब ते मोठ्या खुशीने मांडायचे. निवृत्तीनंतर माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात तीन वर्षं. वर्गातली पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. तिथल्या ग्रंथालयात एक दिवस त्यांच्या हाताला तो कायदा लागला: इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५. सैनिक युद्धात किंवा तशाच विशेष परिस्थितीत तैनात असेल आणि विहित अधिकाऱ्याने तसा दाखला दिला, तर कोर्टाने त्याच्याविरुद्धचं प्रकरण थांबवून ठेवायचं. मुदत मोजताना ते दिवस वगळायचे. त्याच्या गैरहजेरीत हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करून मागायचीही सोय.

इंग्रजांनी केलेला कायदा, पहिलं महायुद्ध संपून सात वर्षं होत नाहीत तोवरचा. त्यामागे हेतू काही का असेना, एका ठिकाणची हजेरी हीच दुसऱ्या ठिकाणची गैरहजेरी असते, एवढं त्यात कुणाला तरी कळलं होतं. सर सांगायचे, “ते वाचलं आणि मी ग्रंथालयात उभा राहिलो. बसून वाचायची गोष्ट नव्हती ती.”

त्यांच्या स्वतःच्या बांधाचं पुढे काय झालं? विलंब माफ झाला, प्रकरण परत उघडलं, चार-पाच वर्षं चाललं आणि अखेर लोकअदालतीत तडजोड झाली. चुलतभावाला त्यांनी अर्धा बांध सोडून दिला. मला राग आला होता. ते म्हणाले, “मला जमीन नको होती गं. मला फक्त विचारायला पाहिजे होतं.”

मराठवाड्यात जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाला हजर नसलेल्या माणसांशीच बोलावं लागतं, आणि तेही मेलेल्या. निजामाच्या काळातले कागद उर्दूत. मुंतखब, सेतवार, जुनी पाहणी पत्रकं. वर साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतं, ही पहिली बेरीज मी सरांकडे शिकले. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, पोलीस ॲक्शनच्या सुमाराचं वर्ष. शहागंजकडे एक निवृत्त उर्दू शिक्षक असे कागद वाचून द्यायचे. सर त्यांच्यापुढे मांडी घालून बसायचे आणि कागदावरचं प्रत्येक नाव मोठ्याने म्हणायचे. कधी तरी पक्षकाराच्या पणज्याचं नाव सापडायचं. तो म्हातारा पक्षकार डोळे पुसायचा, आणि सर गंभीरपणे म्हणायचे, “आहेत. हजर आहेत.”

गावातले जुने लोक सांगतात, वरच्या कोर्टात जायचं तर आधी हैदराबाद आणि १९५६ नंतर मुंबई. तारखेच्या आदल्या रात्री रेल्वेत बसायचं, भाकरी बांधून. २७ ऑगस्ट १९८१ ला आमच्याच शहरात उच्च न्यायालय बसू लागलं. १९८४ ला ते कायमचं खंडपीठ झालं. मधल्या काळात खंडपीठ असावं की नसावं याचाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आता ती इमारत आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. सर तिच्यासमोरून जाताना स्कूटरचा वेग थोडा कमी करायचे. वर कधी फारसे गेले नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य खालच्या कोर्टात गेलं. पण वेग कमी करायचे.

तसबिरीबद्दल एक गोष्ट ते प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचे. बाबासाहेब बॅरिस्टर होते हे सगळ्यांना ठाऊक. त्याआधी, १९१३ च्या सुरुवातीला, ते बडोदा संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट होते हे फार थोड्यांना. सुभेदाराचा मुलगा, महूच्या लष्करी छावणीत जन्मलेला. नोकरीवर रुजू होऊन काही दिवस होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. पोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी सुभेदार गेले. सर इथे थांबायचे. बर्फीवर. “एवढा मोठा माणूस,” म्हणायचे, “आणि त्याची पण गाडी चुकली.” पुढे काही बोलायचे नाहीत. ही गोष्ट ऐकून पोरांनी काय शिकायचं, हे मला अजून सांगता येणार नाही. त्यांनाही सांगायचं नसावं.

रविवारी ओटा फुकट. चिकलठाणा महापालिकेत मोडतं, त्यामुळे २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम आम्हाला लागू नव्हती. पण आसपासच्या खेड्यांतून सरांना बोलावणी यायची. भांडणारे दोघं समोर बसवून ते आधी एकच विचारायचे: ज्या दिवशीचं भांडण, त्या दिवशी तिथे कोण कोण होतं? निम्मी भांडणं इथेच ढिली पडायची, कारण तावातावाने बोलणारे बहुतेक जण त्या दिवशी तिथे नसायचेच.

‘कोर्ट ऑफ एन्क्वायरी’ हा शब्द त्यांना फौजेतच पाठ झालेला. तिथे एखादी वस्तू हरवली तरी एन्क्वायरी बसते. त्यामुळे आमच्या विमानतळावरच्या अपघाताची गोष्ट ते वेगळी सांगत. १९९३ च्या २६ एप्रिलला इंडियन एअरलाइन्सचं विमान उडता उडता धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. विमानात ११८ जण, त्यातले ५५ गेले. गावात अजूनही कुणी वैमानिकाला बोल लावतं, कुणी ट्रकवाल्याला. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा दोष तर आलाच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हाही आला. सर दुसऱ्या दोषावर बोट ठेवायचे. “वकीलबाई, हे बघ. चूक करणारा सापडतो. जो तिथे असायला पाहिजे होता आणि नव्हता, त्याला शोधायला कोर्ट बसवावं लागतं.”

पहाटे विमानतळाच्या भिंतीकडेच्या रस्त्यावर भरतीची पोरं पळायची. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. सर हातात घड्याळ घेऊन उभे. एखाद्याची निवड झाली की पेढ्यांच्या आधी त्याला ऑफिसात बोलावणं. “घरच्या सातबाराची नक्कल आण. विश्वासातला माणूस कोण? त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करू. मग जा देश राखायला.” पोरं हसायची. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि नोकरी चार वर्षांवर आली, तेव्हा पोरं चिडून आली होती. सर म्हणाले, “मला वकील व्हायला चाळिशी उजाडली. तुम्ही पंचविशीच्या आत परत याल.” हे त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं. मला मात्र तो धीर पुरेसा वाटला नव्हता, आणि त्यांनाही वाटला असेल असं नाही. त्या दिवशी घड्याळ खिशात टाकताना ते दोनदा चुकले.

करोनात कोर्ट मोबाइलवर आलं. सर वर बँड आणि कोट, खाली लुंगी, अशा वेशात ताठ बसायचे. नेटवर्क गेलं की डायरीत काय लिहायचं, यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, ‘ह’. ते म्हणाले, “आवाज पोचला नाही म्हणजे ‘गै’.”

काकू हे सगळं आतून ऐकत असायच्या. एकदा चहा ठेवताना म्हणाल्या, “सगळ्यांच्या तारखेला हजर. पोरीच्या शाळेत एकदा तरी गेले का विचार.” सर चहात बघत राहिले. डायरीत त्याला रकाना नव्हता.

ते जाऊन दोन वर्षं होत आली. पेटी आता माझ्याकडे आहे. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. ते असते तर तिच्या बातमीचं कात्रण त्यांनी झाकणाच्या आतून चिकटवलं असतं. मी चिकटवलं. थोडं तिरकं लागलं.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा एक जवान आला. लडाखहून सुट्टीवर. वाटणीचा दावा, दिवाणी न्यायालयाचं समन्स. समन्सचा फोटो त्याच्या बायकोने मोबाइलवर पाठवला होता. मूळ कागद तारेच्या आकड्यात सापडला. तारीख पुढच्या सोमवारची आणि त्याची सुट्टी गुरुवारी संपत होती. त्याने दोन्ही आकडे मला तीन-तीनदा सांगितले, जणू ते एकमेकांजवळ सरकतील.

मी पेटी उघडली. १९२५ च्या कायद्याखालचा अर्ज सरांनी टाइप करून त्याच्या दहा-बारा प्रती काढून ठेवल्या होत्या, मोकळ्या जागा सोडून. चार उरल्या होत्या. कागदाला तोच वास. युनिटकडून कोणता दाखला मागवायचा ते त्याला समजावलं, पेन उघडलं आणि पहिल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. नंबर, रँक, नाव, युनिट त्याने एका दमात सांगून टाकलं.

“बस रे,” मी म्हटलं. “आणि जरा सावकाश सांग. लिहून घेते.”