पत्र्याच्या डब्यातली चिक्कडपल्ली

हैदराबादेत चिक्कडपल्ली म्हटलं की दोन जागा डोळ्यांपुढे येतात. एक त्यागराय गानसभा आणि दुसरं तिथलं मोठं सार्वजनिक वाचनालय. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथे सकाळपासून जागा धरून असतात. शेजारचं अशोकनगर तर कोचिंग क्लासांचंच गाव. माझी ताई लग्न होऊन या भागात गेली. तिचा मुलगा कला महाविद्यालयात फोटोग्राफी शिकतो. घराजवळ एवढं वाचनालय असताना पोराने सरकारी परीक्षा का देऊ नये, असं भावजींचं म्हणणं. गेल्या डिसेंबरात मला बोलावणं आलं. "तुझं तो ऐकेल. तू स्वतः सरकारात आहेस," ताई म्हणाली.

मी गोव्यात सरकारी कारकून. बी.ए. मराठी घेऊन. म्हणजे नमुना म्हणून मला दाखवायचं होतं!

भाच्याचे प्रयोग गच्चीवर चालतात. त्याचा कॅमेरा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आतून काळा रंग, एका बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यावर चिकटपट्टी आणि आत समोर फोटोचा कागद. चिकटपट्टी काढली की फोटो सुरू, लावली की संपला. भिंग नाही, बटण नाही. उजेड इतका थोडा येतो की सावलीतल्या रस्त्यासाठी काही मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्या वेळात जे हलतं, ते कागदावर उमटतच नाही.

वाचनालयाजवळच्या रस्त्याचा त्याचा एक फोटो पाहिला आणि मी गप्पच झालो. रस्ता रिकामा. बसेस, रिक्षा, पाठीवर दप्तर घेतलेली मुलं, सगळी गायब. उरल्या फक्त उभ्या करून ठेवलेल्या मोटारसायकली आणि पायरीवर पुस्तकात डोकं घातलेला एक मुलगा, तोही थोडा धूसर. "मामा, एवढा एकच हलला नाही," भाचा म्हणाला.

१८३८ साली दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं छायाचित्र घेतलं, तेव्हा असंच झालं होतं. गाड्याघोडे नाहीसे झाले आणि बूट पॉलिश करून घेत उभा असलेला एक माणूस तेवढा राहिला. माणूस दिसतो असं ते सर्वांत जुनं ज्ञात छायाचित्र मानतात.

दुसरा प्रयोग निळ्या छापाचा. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवून कागदाला लावायचे, कागद अंधारात वाळवायचा, वर कढीपत्त्याची डहाळी ठेवून उन्हात धरायचा आणि मग धुवायचा. गर्द निळ्यावर पांढरी डहाळी उमटते. ही युक्ती जॉन हर्शेलने १८४२ साली काढली. तो निळा रंग मी लगेच ओळखला. आमच्या कार्यालयातले, पावसाळ्यात ओल धरलेले जुने नकाशे याच रंगाचे! ब्लू प्रिंट ती हीच. वीस वर्षं ते नकाशे हाताळले, पण ते उन्हाने काढलेले फोटो आहेत हे मला भाच्याने सांगितलं.

रात्री भावजींशी बोलणं झालं. मी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं. कुंडीत वाटाणा पेरून, तो रोज थोडा थोडा टिपून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. ती पाहून भांडवल मिळालं आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. भावजी म्हणाले, "फाळके एकच झाले." खरंच आहे. पण परीक्षेचा तरी काय भरवसा? तेलंगणातली ग्रुप-१ची पूर्वपरीक्षा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, ती पेपरफुटीमुळे रद्द झाली. जून २०२३ मध्ये पुन्हा घेतली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली. जून २०२४ मध्ये तिसऱ्यांदा झाली. त्यात मुलांची उमेदीची वर्षं गेली.

नोकरीने मला घर दिलं, पुस्तकं घ्यायला पैसे दिले. तिला नावं ठेवणार नाही, हेही मी भाच्यासमोर सांगितलं. भावजींनी शेवटी विचारलं, "असला एक फोटो कितीला विकतो?" उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. प्रश्न काही चुकीचा नाही. पदवीनंतर दोन वर्षांची मुदत त्याने मागून घेतली आहे.

असो. दुसऱ्या दिवशी भावजी गच्चीवर आले आणि भाच्याच्या सांगण्यावरून डब्यासमोर तीन मिनिटं न हलता बसले. फोटो बरा आला. फक्त मिशा तेवढ्या पुसट झाल्या. हसू आवरलं नसणार.