बंद देवळाची घंटा

घंटेचा एक विशेष आहे. ती देवळात टांगलेली असते, परंतु तिचे काम देवळाबाहेरच्या माणसांपाशी असते. जो आत येऊन बसला आहे, त्याला तिची गरज नाही. जो मळ्यात आहे, विहिरीवर आहे, आजाराने अंथरुणाला खिळला आहे, त्याच्यासाठी ती वाजते. २०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी पुकारली गेली आणि आमच्या वसईतील चर्चची दारे मिटली, तेव्हा या साध्या गोष्टीचा अर्थ आम्हांला नव्याने उमगला. आमच्याकडील जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. देऊळ बंद होते. घंटा मात्र दिवसातून तीन वेळा नेमाने वाजत होती.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना वसई ठाऊक असेल ती १७३९ मधील चिमाजी अप्पांच्या विजयामुळे. त्या मोहिमेत मिळालेल्या घंटा पुढे भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर यांसारख्या मंदिरांत गेल्या. मुंबईच्या उत्तरेस असलेल्या या किनाऱ्यावर वाड्यावाड्यांतून राहणारा आमचा ख्रिस्ती समाज मराठीत बोलतो, मराठीत प्रार्थना करतो, आणि केळी, भाजी, फुले पिकवून मुंबईस पुरवतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातीतले. त्या आनंदाला पुरते तीन महिनेही झाले नाहीत तोच ही बंदी आली.

ती आली तेव्हा आमचा उपवासकाळ चालू होता. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० तारखेस गुड फ्रायडे आणि १२ तारखेस ईस्टर. ईस्टर हा आमचा सर्वांत मोठा सण. त्याच्यापुढे नाताळही धाकटा. आदल्या रात्री देवळाबाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून माणसामाणसाच्या हातची मेणबत्ती उजळत जाते. त्या वर्षी ज्योत होती, पण ती घ्यावयास हात नव्हते. खुद्द रोममध्ये २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, निर्मनुष्य चौकात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवलेला लाकडी क्रूस त्या वेळी तेथे आणून ठेवला होता. ते दृश्य आम्ही घरी बसून पाहिले.

पुढे मिस्साही मोबाईलच्या पडद्यावर येऊ लागली. घरोघरी माणसे न्हाऊन, धुतलेले कपडे घालून त्या लहानशा पडद्यासमोर बसत. उभे राहावयाच्या जागी उभी राहत, गुडघे टेकावयाच्या जागी टेकत. या साधनाचे उपकार मी नाकारीत नाही. परंतु मिस्सेचा गाभा म्हणजे ख्रिस्तप्रसाद, आणि तो पडद्यातून हाती येत नाही. शिवाय ज्यांच्यापाशी असा मोबाईल नव्हता, ज्यांना दिसत नव्हते, त्यांचे काय? पाहणाऱ्यांचा जमाव आणि एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेला समाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पडद्याने साधते. दुसरीसाठी दुसरेच काही लागते.

ते दुसरे काही आमच्यापाशी होते, पण ते अगदी साधे होते. प्रत्येक धर्मग्रामात वीस-पंचवीस घरांचे लहान समूह असतात. एरवी त्यांची आठवण महिन्यातून एखाद्या प्रार्थनेपुरती व्हायची. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या समूहाने वहीच्या एका पानावर यादी केली : घरात कोण आहे, कोण एकटे आहे, कोणाला कोणते औषध चालू आहे. तरुण मुलामुलींनी पाच-पाच घरे वाटून घेतली. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास फोन करावयाचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या कुंपणापाशी जाऊन हाक मारावयाची. नियम एकच होता : आधी पोटाचे व औषधाचे विचारावे, देवाचे मागाहून. "काकी, जेवलात का? गोळ्या किती दिवस पुरतील?" या दोन प्रश्नांनी जेवढा धीर दिला, तेवढा कोणत्याही प्रवचनाने दिला असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर जपमाळ. तिची रचना मोठी सूचक आहे. प्रत्येक प्रार्थनेचा पूर्वार्ध एकाने म्हणावयाचा आणि उत्तरार्ध इतरांनी. एकट्याने म्हटली तरी ती दुसऱ्या आवाजाची वाट पाहते. आमच्या वाडीत एका ओटीवरून पूर्वार्ध उठे आणि केळीच्या पलीकडच्या ओटीवरून उत्तरार्ध येई. मधले अंतर कायद्याला हवे तेवढे, किंबहुना त्याहून अधिकच; तरीही प्रार्थना पुरी होई.

हा शोध आमचा मुळीच नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा वांद्रे, गिरगाव, माझगाव अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतील लोकांनी गल्लीगल्लीत क्रूस उभारले आणि त्यांच्यापाशी प्रार्थना केल्या. त्यांपैकी कित्येक क्रूस रहदारीच्या गर्दीत आजही उभे आहेत. त्याहून मागे जावे, तर पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांना देऊळ नव्हतेच; ते घरांतून जमत. नव्या करारातील पौलाची काही पत्रे तर बंदिवासातून लिहिलेली आहेत. भेट अशक्य होती म्हणून पत्र आले, आणि ते पत्र आज जगभर वाचले जाते. विरहाची तजवीक करीतच हा धर्म वाढला, हे आम्ही सुखाच्या दिवसांत विसरलो होतो.

पण या साऱ्यात मृत्यू हा सर्वांत कठीण प्रसंग होता. आमच्याकडे मयतीला सारा गाव लोटतो. प्रत्येक जण मूठभर माती देतो. आता अंत्यविधीस वीसहून अधिक माणसे नकोत असा दंडक होता, आणि साथीने मृत्यू आला तर तेवढीही नाहीत. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने साथीतील सर्व मृतांचे दहन करण्याचा आदेश काढला व त्याच दिवशी तो बदलला. तरीही वांद्र्यात दफनाविरुद्ध काही रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यांची मागणी फेटाळली. काही ख्रिस्ती कुटुंबांनी आपण होऊन दहन पत्करले. कॅथलिक धर्मसभेची त्यास १९६३ पासून मुभा आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या दफनभूमीवर मन जडलेले असते, हेही खरे. आमच्या वाडीतील एक वृद्धा गेली तेव्हा तिच्याजवळ चौघेच होते. ठरल्या वेळी घंटा वाजली, आणि घरोघरी माणसांनी उभे राहून आपल्याच अंगणातील झाडाच्या मुळाशी मूठभर माती घातली. तिच्या मुलाला आम्ही हे नंतर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग प्रत्येक घरी जाऊन त्याने ते झाड पाहिले.

दादरचा फुलबाजार बंद झाल्याने मोगरा झाडावरच सुकत होता, हाती पैसा नव्हता. तरी भाजी होती. ती वाटली गेली, आणि जात-धर्म पाहून वाटली गेली नाही. मे महिन्यात परप्रांतीय मजुरांच्या श्रमिक गाड्या वसई रोड स्थानकातून सुटू लागल्या, तेव्हा त्यांना अन्नपाणी देणाऱ्या हातांत सर्वच धर्मांचे हात होते.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. मधल्या काळात, दुकाने उघडली तर देवळे का नकोत, असा वाद आमच्यातही झाला. दोन्ही बाजूंची माणसे कळकळीचीच होती. आज देवळे खुली आहेत. सारे काही पूर्ववत झाले असे मात्र म्हणवत नाही. काही बाकांवरची माणसे कायमची गेली. काहींना घरी बसून पाहण्याची सवय जडली.

तरी त्या दिवसांनी आशेविषयी एक गोष्ट शिकवली. सर्व काही ठीक होईल असे वाटणे म्हणजे आशा नव्हे; तसे त्या दिवसांत कोणालाच वाटत नव्हते. संध्याकाळी सात वाजता कोणी तरी आपली चौकशी करील, एवढी खात्री असणे ही आशा होय. आणि ती खात्री आपोआप येत नाही. कोणी तरी रोज सात वाजता उठून ती द्यावी लागते.

वाचकहो, आपण दिल्लीत असा वा बंगळुरात, आपला देव कोणताही असो, एक विनंती आहे. पुढच्या संकटाची वाट न पाहता आजच एका कागदावर पाच नावे लिहा : आपल्या गल्लीत, आपल्या जिन्यावर एकटे राहणारे कोण, आणि त्यांची औषधे कोणती. नावे लिहिताना ती आपल्याला ठाऊक नाहीत असे आढळेल. तर मग आज संध्याकाळीच दार ठोठवावे आणि विचारून घ्यावे.